कोंबडी पाय उचलते की ओढते? पुन्हा पुन्हा लंगडणाऱ्या कोंबडीवर घरचा उपचार

आमची तांबडी एका पावसाळ्यात तीनदा लंगडली. आधी आखाडात, मग नागपंचमीच्या आसपास आणि तिसऱ्यांदा पोळा झाल्यावर. दर वेळी मी खोबरेल तेलात हळद कालवून तळव्याला लावायची, चार-पाच दिवस डालून ठेवायची आणि ती बरी व्हायची. अंडीही सुरू व्हायची. पंधरा-वीस दिवस गेले की सकाळी पुन्हा डावा पाय पोटाशी घेऊन उभी. तिसऱ्या खेपेला आत्याबाई म्हणाल्या, "औषध लागू पडतंय ना? मग दुखणं परत येतंय कुठून, ते बघ की."

आम्ही जिंतूर तालुक्यात राहतो. परसात वीस-बावीस कोंबड्या आहेत, निम्म्या गावरान, निम्म्या वनराजा. त्या सालापासून मी लंगडी कोंबडी दिसली की आधी तेल-हळदीकडं धावत नाही, आधी बघते. बरीच दुखणी घरच्या घरी बरी होतात, पण कोणतं दुखणं आहे ते कळल्याशिवाय हळद लावण्यात दिवस जातात, आणि काही दुखण्यांत तेवढे दिवस हातात नसतात.

पहिली गोष्ट म्हणजे तिला लगेच धरू नका. मूठभर ज्वारी टाका, लांब वट्ट्यावर बसा आणि पाच-दहा मिनिटं चाल बघा. बघायचं एकच, ती पाय उचलते का ओढते. जी पाय उचलून धरते, टेकवला की पटकन वर घेते, एका पायावर उड्या मारत दाण्यापर्यंत येते, तिला पाय दुखतोय. काटा, जखम, मुरगळ, दोरा, असं काहीतरी आहे आणि बहुतेकदा ते घरी निस्तरतं. जी पाय ओढते, जिचा पाय अंगाखालून निसटतो, बोटं मुडपून पडतात, उठायला पंखांचा टेकू घेते, तिच्या पायात जीव उरलेला नाही. तिचं दुखणं पायात नसून नसांत, पोटात नाहीतर रक्तात असतं. दोन्ही पाय एकदमच गेले असतील तरी तेच. तिच्याबद्दल पुढं लिहिलंय, पण पाय ओढणारी कोंबडी दिसली की तिला त्याच क्षणी बाकीच्यांपासून वेगळी करा.

खुडूक कोंबडीचं मात्र उगाच घाबरू नका. एकवीस दिवस अंड्यांवर बसलेली कोंबडी खाली उतरली की पहिली चार पावलं आखडूनच टाकते. दहा-वीस पावलांत चाल सुटली तर तिला काहीही झालेलं नाही.

पाय हातात घेताना

दिवसा मागं पळून धरू नका. लंगडी कोंबडी पळवली की मुरगळलेला पाय आणखी दुखावतो. रात्री खुराड्यात बसली की बॅटरी लावून अलगद उचलायची, जुन्या सुती कापडात पंख गुंडाळायचे आणि डाव्या काखेत अशी धरायची की तिचं तोंड आपल्या पाठीकडं आणि पाय आपल्यासमोर येतील. छाती दाबायची नाही. कोंबडीचा श्वास छातीचं हाड वर-खाली हलल्यावरच चालतो, तिथं घट्ट आवळलं तर ती हातातच गुदमरते. लेकरांना धरायला देताना हे आवर्जून सांगा.

आता दोन्ही पाय शेजारी शेजारी घ्या. चांगला पाय हाच आपला मापदंड. हाताची मागची बाजू आधी एका नडगीला लावा, मग दुसरीला. एक जास्त गरम लागली तर तिथं सूज किंवा पू आहे. मग तळवा ओल्या कापडानं पुसून बघा, बोटांच्या बेचक्या फाकवून बघा, नखं बघा, नडगीवरचे खवले बघा, गुडघ्यावर बोट फिरवा. पंखांखाली आणि पोटाखाली पिसं उलटी फुंकून बघा. शेवटी छातीचं हाड चाचपा. ते सुरीच्या पातीसारखं टोचत असेल तर कोंबडी बऱ्याच दिवसांपासून खात नाहीये, म्हणजे लंगडणं आज दिसलं तरी आजार जुना आहे.

काळ्या मातीचे गोळे आणि पोत्याचा दोरा

पावसाळ्यात आमच्याकडं सगळ्यात जास्त लंगडतात त्या याच दोन कारणांनी, आणि दोन्ही नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

आपली काळी माती ओली असली की किती चिकट असते ते वेगळं सांगायला नको. कोंबडी उकंड्यावरून चिखलात आणि चिखलातून भुशात जाते, बोटाच्या टोकाला माती, शेण, काडी यांचा थर बसतो, वाळतो, त्यावर दुसरा बसतो. आठवड्याभरात बोराएवढा आणि पुढं लिंबाएवढा गोळा होतो, दगडासारखा टणक. नख त्याच्या आत अडकलेलं असतं. तलंगांना, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना, आणि पिल्लांना हा त्रास जास्त होतो. लोक हा गोळा दगडावर ठेवून ठेचतात किंवा ओढून काढतात. तसं कधीच करू नका. गोळ्याबरोबर नखाचं टोपण निघून येतं आणि रक्त थांबता थांबत नाही. पातेल्यात कोमट पाणी घ्या, वीस-पंचवीस मिनिटं पाय बुडवून ठेवा आणि बोटांनी कडेकडेनं थोडा थोडा विरघळवत काढा. एका दिवसात निघाला नाही तर उरलेला दुसऱ्या दिवशी काढा. नखातून रक्त आलंच तर तुरटीची बारीक पूड दाबून धरा, दोन-तीन मिनिटांत थांबतं.

दोऱ्याचं दुखणं पेरणीच्या दिवसांत. खताची आणि बियाण्याची पोती उसवली की शिवणीचा पांढरा दोरा अंगणात पडतो. कोंबडी उकरताना तो बोटात अडकतो आणि चालेल तसा आवळत जातो. बायकांचे विंचरलेले केसही असेच गुंततात. वरून काही दिसत नाही, बोट नुसतं सुजलेलं, काळं-निळं दिसतं. बेचकी फाकवली की मांसात रुतलेली बारीक रेघ सापडते. कोमट पाण्यात पाय भिजवा, तेलाचा थेंब सोडा, बारीक कात्रीचं टोक दोऱ्याखाली घालून कापा आणि त्याचा तुकडाही आत राहिला नाही ना हे उजेडात पाहून घ्या. बोट गरम असेल तर वाचतं. थंड आणि काळं पडलं असेल तर ते काही दिवसांत आपोआप वाळून गळतं, तोवर ते कोरडं ठेवा. ओढून तोडायचं नाही.

तळव्याचं कुरूप

तांबडीला हेच झालं होतं. आमच्याकडं याला कुरूपच म्हणतात. तळव्याच्या मधोमध काळी खपली असते, सुरुवातीला मोहरीएवढी, दुर्लक्ष केलं तर हरभऱ्याएवढी. तिच्याभोवती तळवा टच्च फुगलेला, हाताला गरम. होतं असं की सराट्यानं, बाभळीच्या काट्यानं, खडीनं किंवा उंचावरून उडी मारल्यानं तळव्याला बारीक चीर पडते आणि कातडीवर एरवीही असणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू तिच्यातून आत जातात. पावसाळ्यात तळवे ओले राहून मऊ पडतात, तेव्हा चीर पडायला वेळ लागत नाही. वनराजा, गिरिराज या अंगानं जड कोंबड्यांना कुरूप गावरानपेक्षा जास्त होतं, कारण सगळा भार त्या इवल्याशा तळव्यावर येतो.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या गळवात पू पातळ असतो, दाबला की वाहतो. कोंबडीचा पू वाहत नाही. तो आतल्या आत खव्यासारखा घट्ट होतो. म्हणून कुरूप दाबून पिळलं तर बाहेर काहीच येत नाही, उलट जंतू खोल, शिरांच्या दिशेनं ढकलले जातात. मी पहिल्या वेळी दाबलं होतं आणि दुसऱ्या दिवशी सूज बोटांपर्यंत चढली होती.

मी आता जे करते ते असं. एक लिटर कोमट पाण्यात चहाचे दोन चमचे मीठ. पाणी कोपरावर घेऊन बघायचं, बाळाच्या अंघोळीचं बघतो तसं. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं पाय त्यात धरायचा. कोंबडी पहिल्या दिवशी फडफडते, पण कापडात गुंडाळून मांडीवर घेतली की दुसऱ्या दिवसापासून डोळे मिटून बसते. मग पाय कोरडा पुसून पोव्हिडोन आयोडीनचं मलम लावायचं. ते हाताशी नसेल तर खोबरेल तेलात हळद. हळद वरवरच्या जखमेला चांगली आहे, पण आतला घट्ट गड्डा ती विरघळवत नाही, हे लक्षात ठेवा. खपली भिजून भिजून तीन-चार दिवसांत सैल होते आणि पुष्कळदा स्वच्छ कापडानं पुसताना गड्ड्यासकट निघून येते. आली तर उत्तम. नाही आली तर ब्लेडनं कोरत बसू नका. तळव्यात शिरा आणि रक्तवाहिन्या अगदी वरच्यावर असतात.

मलमानंतर पट्टी. नुसती चिंधी गुंडाळली तर चालताना भार जखमेवरच येतो. त्यासाठी मी जुन्या सुती लुगड्याच्या कापडाची एक चुंबळ वळते, डोक्यावर घागर घेताना करतो तशीच, पण रुपयाएवढी. चुंबळीचं भोक कुरपावर येईल अशी ती तळव्याला ठेवायची आणि अरुंद पट्टी बोटांच्या बेचक्यांतून फुलीसारखी फिरवून नडगीवर दोन वेढे द्यायचे. वर कागदी चिकटपट्टी. भार चुंबळीच्या कडेवर येतो, जखम अधांतरी राहते. तांबडीनं चुंबळ बांधल्यावर त्याच संध्याकाळी पाय टेकवला. तासाभरानं बोटांना हात लावून बघा. ती थंड लागली तर पट्टी आवळली आहे, सैल करा. पट्टी रोज बदलायची, ओली झाली तर लगेच.

लहान कुरूप आठ-दहा दिवसांत बसतं. सूज पायाच्या वरच्या बाजूला दिसायला लागली, बोटं फाकली, नडगी गरम लागली किंवा कोंबडीनं खाणं सोडलं, तर घरचा उपचार तिथंच थांबवून दवाखाना गाठा. आतला गड्डा काढायला भूल आणि धारदार हत्यार लागतं, आणि प्रतिजैविकही वजनावर ठरतं. डॉक्टरांनी तसं औषध दिलं तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे विचारून घ्या आणि तेवढे दिवस ती लेकरांना देऊ नका. हे जंतू माणसाच्या जखमेतही शिरतात, म्हणून हातात पिशवी किंवा मोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा, आणि पाय भिजवायचं पातेलं स्वयंपाकात परत आणू नका.

काटा मोडून आत राहिला असेल तर उपचार असाच. भिजवून मऊ झालं की उकळलेल्या सुईनं कडेनं उकलून चिमट्यानं काढायचा. सराट्याची टोकं एकदम दोन-तीनही रुततात, एक निघाला म्हणून थांबू नका.

मुरगळलं का मोडलं?

जखम नाही, खपली नाही, पण गुडघा किंवा घोटा गरम आहे, तर मुरगळ. पहिल्या दिवशी माठाच्या पाण्यात भिजवलेली घडी पाच-सात मिनिटं तीन-चार वेळा ठेवा. दोन दिवसांनी कोमट शेक. चोळू नका, मालीश नको. खरं औषध म्हणजे डालून ठेवणं. आठवडाभर उडी नाही, पळणं नाही.

पाय लोंबकळत असेल, हाड वाकडं लागत असेल तर मोडलाय. नडगी सरळ मोडली असेल आणि हाड बाहेर आलं नसेल तर कापूस गुंडाळून दोन्ही बाजूंनी बांबूच्या गुळगुळीत कामट्या लावून बांधता येतं. पाखरांची हाडं लवकर जुळतात, साधारण तीन आठवडे लागतात. मांडीचं हाड घरी बांधता येत नाही.

खवले उभे राहिले असतील तर

म्हाताऱ्या कोंबड्यांत दिसतं. नडगीवरचे खवले उचकटलेले, त्याखाली पांढरी भुकटी, पाय जाडजूड झालेला. हा खवल्यांखाली राहणारा डोळ्यांना न दिसणारा किडा आहे आणि तो सगळं आयुष्य कोंबडीच्या पायावरच काढतो. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून जुन्या दातांच्या ब्रशनं हळू घासा आणि करंजाचं किंवा खोबरेल तेल नाहीतर व्हॅसलिन खवल्यांत जिरेल असं लावा. किडा तेलाखाली गुदमरून मरतो. तीन-चार दिवसांआड असं महिनाभर. लंगडत नसल्या तरी सगळ्या कोंबड्यांना एकदमच लावा, नाहीतर एकीवरून दुसरीवर फिरत राहतं. खवले लगेच पूर्वीसारखे दिसणार नाहीत, ते पुढच्या पिसं झडण्याच्या वेळी नवे येतात.

भिंतीतल्या गोचिडी

माळवदाच्या जुन्या घराला लागून खुराडं असेल तर हे वाचाच. कोंबडीची गोचीड जनावरांच्या गोचिडीसारखी दिवसभर अंगावर चिकटून बसत नाही. ती दिवसा मातीच्या भिंतीच्या भेगांत, बांबूच्या सांध्यांत लपते आणि रात्री बाहेर येऊन रक्त पिऊन परत जाते. दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी काही सापडत नाही, कोंबडी मात्र फिकट पडत जाते, तुरा पांढरट होतो, पाय लुळे पडतात. तिची बारीक पिल्लं तेवढी काही दिवस पंखांखाली चिकटून राहतात, ज्वारीच्या दाण्याहून लहान काळपट ठिपके दिसतात. त्यांच्या चाव्यानं पाय लुळे पडू शकतात आणि रक्तात तापाचा आजारही शिरतो, त्यात हिरवी विष्ठा होते. रात्री दहानंतर बॅटरी घेऊन भिंतीजवळ जा, भेगांच्या तोंडाशी चपट्या, राखाडी गोचिडी फिरताना दिसतील.

इथं पायाला काहीही लावून उपयोग नाही. अंगावरचे ठिपके चिमट्यानं काढा, पण मुख्य काम भिंतीचं. कोंबड्या दुसरीकडं हलवा, भेगा शेणमातीनं लिंपून बंद करा, वरून चुन्याचा दाट हात द्या, जुने बांबू जाळून टाका. ही गोचीड उपाशीपोटी महिनोन्महिने तग धरते. म्हणून खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं की मरेल, अशी आशा धरू नका. फवारणीचं औषध डॉक्टरांना विचारूनच घ्या. कापसावर मारायची औषधं खुराड्यात मारून अख्ख्या कोंबड्या मेलेल्या मी पाहिल्यात.

अंड्यावरची कोंबडी बसून राहते

जखम नाही, सूज नाही, पण रोज अंडं घालणारी कोंबडी दोन्ही पायांत बिचकते, बसून राहते, अंड्याचं कवच पातळ येतं. कवच जवळपास सगळं चुनखडीचं असतं आणि एका अंड्यामागं तिच्या अंगातून साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. ज्वारी-बाजरीत ते नसल्यातच जमा. मग ती स्वतःच्या हाडांतून काढते. अंड्यांची टरफलं उकळून, वाळवून, जाडसर कुटून वेगळ्या वाटीत ठेवा, किंवा खाद्याच्या दुकानातून शिंपल्यांचा चुरा आणा. जिला लागतो ती आपला आपण खाते. दाण्यात मिसळून सगळ्यांना देऊ नका, कारण अंड्यावर न आलेल्या तलंगांच्या मूत्रपिंडांना जास्तीचं कॅल्शियम सोसत नाही. पानाचा चुना पाण्यात कालवून पाजायची पद्धत आहे, मी ती सोडून दिली. अंदाज चुकला की तोंड आणि घसा भाजतो.

अंडं अडकलं असेल तर कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहते, शेपटी वर-खाली करते, कुंथते, चालताना पाय फाकवते. लोकांना ती लंगडीच वाटते. पसरट टबात पोट बुडेल एवढ्या कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवा, मग अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा, गुदद्वाराला तेलाचं बोट लावा. पोट दाबू नका, अंडं आत फुटलं तर कोंबडी जाते. दिवस मावळेपर्यंत अंडं आलं नाही तर दवाखाना.

पिल्लांची बोटं आत मुठीसारखी वळत असतील तर ती बी-टू जीवनसत्त्वाची कमतरता. नुसत्या कण्यांवर वाढवलेल्या पिल्लांत दिसते. उकडलेलं अंडं कुस्करून, शेवग्याचा कोवळा पाला बारीक चिरून आणि पाण्यातून बी-कॉम्प्लेक्सचं औषध पहिल्या काही दिवसांत दिलं तर बोटं सुटतात. उशीर झाला तर तशीच राहतात.

जी पाय ओढते

एक पाय पुढं आणि एक मागं पसरून पडलेली तलंग, वय दीड महिना ते सहा-सात महिने, डोळे तरतरीत, खायची इच्छा आहे पण उठता येत नाही, हे बहुधा मरेक्स. हा विषाणू नसांवर बसतो. याला घरचंच काय, दवाखान्याचंही औषध नाही. लस पिल्लू अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दिवशीच द्यावी लागते. म्हणून पिल्लं घेताना, सरकारी उबवणी केंद्रातून घ्या की बाजारातून, मरेक्सची लस दिली का हे पहिल्यांदा विचारा.

मान वळलेली, हिरवी पातळ विष्ठा, तोंड उघडून श्वास आणि पाय-पंख लुळे म्हणजे मानमोडी, राणीखेत. ती टाळायला लासोटा या लसीचे थेंब पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात आणि दोन महिन्यांच्या आसपास आर-टू-बी या लसीचं इंजेक्शन, हे वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेवा. एकदा रोग शिरला की उरलेल्यांना वाचवणं एवढंच हातात असतं.

आणि एक-दोन दिवसांत एकापाठोपाठ एक कोंबड्या पडायला लागल्या तर घरचे उपाय बाजूला ठेवा, मेलेलीला उघड्या हातानं शिवू नका, नदी-नाल्यात टाकू नका, विकू तर मुळीच नका. २०२१ च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, ते आपल्याच भागात घडलंय. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर लगेच कळवा. परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. गावात निदान होत नसेल तर तिथं दाखवता येतं.

हे पायाला लावू नका, हे पाजू नका

बिब्बा घालू नका. माणसाच्या कातडीवर फोड येतात, तर कोंबडीच्या पातळ कातडीचं काय होत असेल? डाग देऊ नका. डिझेल, रॉकेल, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल खवल्यांना लावतात, त्यानं किडा मरतो पण कातडी भाजते आणि ते अंगात मुरतं. घरातली दुखण्याची गोळी फोडून पाजू नका. डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधानं जनावरांच्या मढ्यांवर जगणारी गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन संपत आली, म्हणून २००६ मध्ये ते जनावरांसाठी बंद झालं. कोंबडीही पाखरूच आहे.

बरी झाली, आता परत लंगडू नये म्हणून

आत्याबाईंच्या बोलण्यानंतर मी चार दिवस पहाटे साडेपाचला उठून अंगणाच्या कोपऱ्यात उभी राहिले. तांबडी खुराड्यात झोपतच नव्हती. संध्याकाळी खुराड्याचं दार लावायच्या आत ती ट्रॉलीच्या फाळक्यावर चढून बसायची. उन्हाळाभर ट्रॉली शेतात असते. पावसाळ्यात रस्ता चिखलाचा होतो, म्हणून ती अंगणात उभी राहते. पहाटे उजाडलं की ही जड कोंबडी पाच फुटांवरून खाली शहाबादी फरशीवर धप्पकन उतरायची. उतरल्यावर दोन क्षण तशीच बसून राहायची आणि मग डावा पाय वर घ्यायची. बरी झालेली जखम रोज पहाटे नव्यानं फुटत होती. तीनही वेळा मी पायाला औषध केलं आणि बरी झाल्यावर तिला त्याच ट्रॉलीजवळ सोडलं.

तुमच्याकडं ट्रॉली नसेल, माळवदाचा कठडा असेल, कडब्याची गंजी असेल, लिंबाची फांदी असेल. कुठून उतरते आणि कशावर उतरते हे एकदा पहाटे बघाच. बसायचा दांडा जमिनीपासून दीड-दोन फुटांवर हवा, कडा गुळगुळीत केलेला, दोन इंच रुंद. अणकुचीदार कडेचा लोखंडी अँगल नको. दांड्याखाली आणि दारापुढं वाळू किंवा बारीक मुरूम चार बोटं पसरा. फोडलेली खडी किंवा क्रशरची चुरी नको, तिच्या कडा तळव्याला लागतात. वाळूचा दुसरा फायदा म्हणजे काळ्या मातीचे गोळे होत नाहीत. खुराड्यातला ओला भुसा पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी काढा, मुठीत दाबल्यावर गोळा होत असेल तर तो बदलायलाच झालाय. पेरणीच्या दिवसांत पोत्याचे दोरे उसवतानाच खिशात घाला.

डालून ठेवलेल्या कोंबडीचं डालगं सावलीत, पण बाकीच्या कोंबड्या तिला दिसतील असं ठेवा. एकटी पडली की ती खाणं टाकते. पाणी आणि दाणे मान लांबवली की मिळतील एवढ्या जवळ हवेत. खाली गव्हाचं काड किंवा मऊ गोणपाट, तुराट्यांचा भुगा नको, त्याच्या काड्या टोचतात. वैशाखात आपल्याकडचं ऊन बाधतं, तेव्हा डालग्यावर ओलं पोतं टाका.

पूर्ण भार देऊन सलग तीन दिवस चालली की मगच तिला मोकळी सोडा, आणि तीही दिवेलागणीला, बाकीच्या बसायच्या वेळी. भर दिवसा सोडली तर आठवडाभर नसलेल्या कोंबडीला बाकीच्या टोचतात आणि पळताना पाय पुन्हा मुरगळतो.

तांबडीसाठी आम्ही ट्रॉली परसाच्या बाहेर लावली आणि खुराड्यातल्या दांड्याला आडव्या पट्ट्या ठोकलेली एक उतरती फळी टेकवली. तिला फळी कळेना. चार दिवस मी रोज पहाटे तिला उचलून फळीच्या वरच्या टोकाला उभी करायची आणि खाली दाणे टाकायची. पाचव्या दिवशी मी सडा टाकत होते तेव्हा ती आपली आपण, एकेक पट्टी चाचपत खाली आली आणि दोन्ही पायांवर उभी राहून वाळू उकरायला लागली.